शीआनला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

तुमचे पत्र काळजीपूर्वक वाचले. शीआनमधील एका विद्यापीठात तुम्हाला तीन वर्षांचे संशोधनाचे काम मिळाले आहे, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्नी आणि सात वर्षांची मुलगी यांच्यासह नाशिकहून इकडे यायचे आहे, आणि त्याआधी हे शहर कोणत्या मुलखात वसले आहे, त्याचा पूर्वेतिहास काय आणि त्याचा रोजच्या राहणीशी संबंध कसा येतो, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. व्हिसा आणि बँक यांविषयी विद्यापीठाचे कार्यालय सांगेलच. तो भाग मी सोडून देते. मी मूळची वाईची. गेली अकरा वर्षे या शहराच्या दक्षिण भागात राहते आणि एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. इतक्या वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे, की शीआनमध्ये ज्याला संसार मांडायचा आहे त्याने आधी इथला डोंगर, इथली नदी आणि इथली माती ओळखावी. इथल्या तीन हजार वर्षांच्या राजधान्यांचा आणि आपल्या घरातल्या नळाच्या पाण्याचा, दोन्हींचा उलगडा तिथूनच होतो.

शीआन ही शाआन्शी प्रांताची राजधानी आहे. शेजारीच शान्शी नावाचा दुसरा प्रांत आहे आणि चिनी भाषेत या दोन नावांत केवळ सुराचा फरक असल्यामुळे रोमन लिपीत आपल्या प्रांताच्या नावात एक ‘ए’ जास्त लिहितात. कागदपत्रांवर तो नीट पाहून घ्या. २०२० च्या जनगणनेनुसार शीआनची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३० लाख आहे आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. ते ज्या मैदानात वसले आहे त्याला ग्वानचोंग म्हणतात, म्हणजे ‘खिंडींच्या आतला प्रदेश’. पश्चिमेकडून पूर्वेकडे सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेल्या या चिंचोळ्या मैदानातून वेई नदी वाहते आणि पूर्वेला थुंगक्वानजवळ पीत नदीला मिळते. उत्तरेकडून येणारी पीत नदी नेमकी तिथेच काटकोनात पूर्वेकडे वळते. उत्तरेला पिवळ्या मातीचे पठार, दक्षिणेला छिनलिंगची भिंतीसारखी रांग, आणि आत यायचे तर मोजक्या खिंडी. या खिंडी ज्याच्या हातात, त्याला थोड्या सैन्यानिशी आतला मुलूख राखता येई आणि सवड मिळताच पूर्वेकडच्या सपाट प्रदेशावर चाल करून जाता येई. इ.स.पूर्व २०२ मध्ये हान घराण्याचा पहिला सम्राट राजधानीसाठी ल्वोयांगचा विचार करत होता, तेव्हा त्याच्या सल्लागारांनी हाच मुद्दा पुढे करून त्याला इकडे आणले.

छिनलिंगविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरभाड्याच्या कराराशी त्याचा संबंध आहे. या रांगेचे सर्वोच्च शिखर ताइपाई ३,७६७ मीटर उंच आहे. शहराच्या दक्षिण भागातून डोंगराचा पायथा सुमारे तीस किलोमीटरवर येतो, तरी वर्षातले कित्येक दिवस तो धुरकट हवेत दिसतच नाही. मात्र रात्रभर पाऊस होऊन सकाळी आभाळ निवळले की आमच्या नवव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून त्याच्या घळी एकेक करून मोजता येतात. चीनचा उत्तर आणि दक्षिण असा जो भेद सांगतात, त्याची रेषा याच रांगेवरून आणि पुढे पूर्वेला हुआई नदीवरून जाते. रेषेच्या दक्षिणेला वर्षाला ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस, भाताची शेती आणि हिरवा हिवाळा. उत्तरेला कमी पाऊस, गहू आणि गोठवणारी थंडी. शीआन रेषेच्या लगेच उत्तरेला आहे. जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला पोहोचतो.

याच रेषेच्या आधारावर सरकारने हिवाळी उष्णतेची सार्वजनिक व्यवस्था उत्तरेकडच्या शहरांना दिली आहे. शीआनमध्ये १५ नोव्हेंबरपासून १५ मार्चपर्यंत नळांतून गरम पाणी फिरवून घरे उबदार ठेवली जातात. पहिल्या वर्षी मला घर दाखवणाऱ्या दलालाने ‘उष्णतेची सोय आहे’ असे सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवून सही केली. प्रत्यक्षात खोलीत लोखंडी नळ्या होत्या, पण ती इमारत शहराच्या जाळ्याला जोडलेलीच नव्हती. तो हिवाळा आम्ही एका विजेच्या शेगडीभोवती बसून काढला. म्हणून घर पाहताना मागच्या हिवाळ्याच्या उष्णता-आकाराची पावती मागा. तुमच्यासोबत लहान मूल आहे, त्यामुळे या बाबतीत संकोच करू नका.

अन्नाचेही तेच. हा गव्हाचा मुलूख आहे. भात मिळतो, पण इथल्या माणसाचे पोट भरते ते कणकेवर. तुमच्या पत्नीने शाकाहाराविषयी विचारले आहे, तर त्यांना सांगा की गल्लीतल्या कोणत्याही शेवयांच्या दुकानात ‘योफोम्येन’ मागावे. आचारी भिजवलेल्या कणकेची जाड पट्टी दोन्ही हातांनी ताणतो, ती लाकडी फळीवर आपटत लांबवतो आणि उकळत्या पाण्यात सोडतो. मग वाडग्यात काढून त्यावर तिखट, लसूण आणि कांद्याची पात घालून कडकडीत तापलेले तेल ओततो. तो चरचर आवाज आणि तिखट भाजल्याचा वास आला, की आपल्या फोडणीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ‘मांस नको, अंडे नको’ ही दोन वाक्ये चिनी अक्षरांत लिहून जवळ ठेवा, कारण रस्सा बहुधा हाडांचा असतो. तूरडाळ आणि गोडा मसाला इथे मिळणार नाही असे धरूनच सामान भरा. पोळीसाठी पीठ चांगले मिळते, पण आपल्यासारखे कोंड्यासह दळलेले शोधावे लागते.

आता माती. ग्वानचोंगच्या उत्तरेकडचे पठार वाऱ्याने आणलेल्या मातीचे आहे. वायव्येकडच्या वाळवंटांतून लाखो वर्षे उडत आलेली बारीक धूळ इथे थरावर थर साचत गेली, आणि काही ठिकाणी तिची जाडी शंभर मीटरहून अधिक आहे. चिमटीत धरून चोळली तर ती भाजणीच्या पिठासारखी लागते, रंगही साधारण तोच. नाशिककडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात तशा हिला पडत नाहीत. उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे कड्यांत गुहेसारखी घरे कोरली. ती उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असतात, बांधकामाला लाकूड लागत नाही. पण हे मैदान म्हणजे भूकवचातल्या दोन भेगांमधला खचलेला पट्टा आहे, आणि छिनलिंगची उत्तर बाजू इतकी सरळसोट आहे तीही त्याच कारणाने. २३ जानेवारी १५५६ च्या रात्री शीआनच्या पूर्वेला हुआ परगण्यात भूकंप झाला तेव्हा हीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या काळच्या नोंदींत मृतांचा आकडा ८ लाख ३० हजार दिला आहे. इतकी मनुष्यहानी झालेला दुसरा भूकंप इतिहासात नोंदलेला नाही.

हीच माती नदीच्या पाण्यातून शेतात गेली की सोने पिकवते. इ.स.पूर्व २४६ मध्ये छिन राज्यात चिंग आणि ल्वो या नद्यांना जोडणाऱ्या मोठ्या कालव्याचे काम सुरू झाले. ही कल्पना घेऊन आलेला चंग क्वो नावाचा जलतज्ज्ञ खरे तर शेजारच्या हान राज्याने (पुढच्या हान घराण्याहून हे वेगळे) पाठवलेला हेर होता. छिनचे मनुष्यबळ या कामात अडकावे आणि आपल्यावरची स्वारी टळावी, असा त्या राज्याचा हेतू होता. अर्ध्या कामात बिंग फुटले. त्यावर चंग क्वोने राजाला सांगितले, की मी हेर म्हणून आलो हे खरे, पण कालवा पुरा झाला तर त्यात छिनचेच भले आहे. राजाला ते पटले. चिंग नदीच्या गाळाने भरलेल्या पाण्याने खारवट जमिनी सुपीक झाल्या, धान्याची ददात मिटली, आणि इ.स.पूर्व २२१ मध्ये त्याच राजाने सगळी राज्ये जिंकून स्वतःला पहिला सम्राट, छिन शी हुआंग, म्हणवून घेतले. कालव्याला आजही चंग क्वोचेच नाव आहे. शीआनला येणारे बहुतेक जण या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक पाहून परत जातात. माझ्या मते ते सैन्य ज्या धान्यावर उभे राहिले त्याचा हा कालवाही पाहायला हवा.

एक गैरसमज आधीच दूर करते. ‘शीआन तेरा घराण्यांची राजधानी होती’ असे इथे सगळीकडे लिहिलेले दिसेल, त्यावरून एकाच जागेवर सगळे राजे झाले असे वाटते. तसे नाही. चौ घराण्याच्या फंग आणि हाओ या जोडराजधान्या आजच्या शहराच्या नैर्ऋत्येला फंग नदीकाठी होत्या. छिनचे शियानयांग वेईच्या उत्तर काठी होते. हानांचे चांगआन, म्हणजे ‘चिरशांती’, आजच्या शहराच्या वायव्येला होते. राजधानी सरकत राहिली आणि तिला सरकवणाऱ्या कारणांत पाणीही होते. सुमारे आठशे वर्षे वस्ती राहिल्यावर हानांच्या चांगआनमधले भूजल खारट आणि घाण झाले, तेव्हा इ.स. ५८२ मध्ये स्वेई घराण्याच्या सम्राट वनने आग्नेयेला कोऱ्या जमिनीवर नवे शहर बांधण्याची आज्ञा दिली. युवन खाई याने ते आखले: सुमारे ८४ चौरस किलोमीटर, पटासारखे सरळ रस्ते, भिंतींनी वेढलेले एकशे आठ मोहल्ले, पूर्वेला एक बाजार आणि पश्चिमेला एक. पुढे थांग घराण्याने याच शहराला जुने नाव दिले, आणि सातव्या-आठव्या शतकात दहा लाखांच्या घरात वस्ती असलेले हे चांगआन जगातले सर्वांत मोठे शहर होते. त्या आखणीची सवय लोकांच्या बोलण्यात अजून आहे. इथे रस्ता विचारला तर डावीकडे-उजवीकडे असे कोणी सांगत नाही. ‘दोनशे मीटर उत्तरेला जा, मग पूर्वेला वळा’ असे सांगतात. दिशांचे चार शब्द येण्यापूर्वी शिकून घ्या.

याच चांगआनमधून इ.स. ६२९ च्या सुमारास एक भिक्षू सरकारी मनाई असतानाही पश्चिमेकडे निघाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो ह्युएन त्संग किंवा युआन श्वांग म्हणून भेटतो. भारतभर फिरून तो ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालवले. ते ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये बांधलेला मोठा हंस स्तूप आज ६४.५ मीटर उंच आहे आणि माझ्या घरापासून भुयारी रेल्वेने चार स्थानकांवर आहे. सुमारे ६४१ मध्ये हा भिक्षू महाराष्ट्रात, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. त्याने आपल्या मुलखाविषयी लिहून ठेवले आहे, की जमीन सुपीक आहे, माणसे साधी आणि मानी आहेत. उपकार केला तर विसरत नाहीत आणि अपमान केला तर जिवाची पर्वा न करता सूड घेतात, मात्र त्याआधी शत्रूला सूचना देतात. पूर्वेच्या डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन तो करतो, ते अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात. शहराच्या दक्षिणेला शिंगच्याओ मंदिरात त्याच्या अस्थींवर स्तूप आहे. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा पायथ्याच्या गव्हाच्या शेतांकडे पाहत मी बराच वेळ बसून राहिले. वेरूळ-अजिंठ्याच्या मुलखाविषयी लिहिणारा माणूस या मातीत आहे, हे जाणवणे वेगळेच होते.

आपल्यासारखे येऊन राहिलेले लोकही तेव्हा होते. गौतम सिद्ध, ज्याला चिनी नोंदींत छुथान शिता म्हणतात, याचे पूर्वज भारतातून आले होते आणि तो स्वतः चांगआनमध्ये राजज्योतिषी होता. ७१८ मध्ये त्याने नवग्रहांच्या भारतीय पंचांगाचे चिनी भाषेत रूपांतर केले आणि त्यात शून्यासाठी टिंब वापरण्याची आपली पद्धत चिनी वाचकांना समजावून दिली. १९७७ मध्ये शहराच्या दक्षिणेला त्याच्या मुलाची कबर सापडली. तिच्यातील शिलालेखात घराण्याचे मूळ मध्य भारतात असून आता ते पिढ्यान्‌पिढ्यांचे इथलेच रहिवासी झाले आहे, अशा अर्थाचा मजकूर आहे. त्याहून आधी, ४०१ मध्ये इथे आणलेल्या कुमारजीव या बौद्ध पंडिताने ज्या छाओथांग मंदिरात सूत्रांची भाषांतरे केली, ते डोंगराच्या पायथ्याशी अजून नांदते आहे.

मग हे शहर राजधानी का राहिले नाही? अन्न कमी पडले, हे माझ्या समजुतीप्रमाणे मुख्य कारण. इतक्या वस्तीला ग्वानचोंगचे धान्य पुरेना. पूर्वेकडून येणाऱ्या धान्याच्या नावा पीत नदीतल्या सानमनच्या खडकाळ घळीत फुटत, आणि टंचाईच्या वर्षी थांग सम्राटांना दरबारासह ल्वोयांगला जाऊन राहावे लागे. डोंगरातली जंगले महालांसाठी आणि जळणासाठी तुटली. ७५५ मध्ये आन लूशान या सेनापतीचे बंड झाले. शेवटी ९०४ मध्ये चू वन या सेनापतीने सम्राटाला आणि रहिवाशांना ल्वोयांगला हलवले, वाडे उतरवले आणि त्यांची लाकडे वेई नदीतून खाली वाहून नेली. मागे उरलेल्यांनी जुन्या शहराच्या मधला सरकारी वाड्यांचा भाग तेवढा तटबंदी करून राखला. आज पर्यटक ज्या तटावर सायकल चालवतात तो त्याच जागेवर मिंग काळात, १३७० ते १३७८ या वर्षांत, वाढवून बांधलेला आहे. १३.७ किलोमीटरचा हा तट प्रचंड वाटतो, पण त्याच्या आतली जागा थांगांच्या शहराचा सुमारे सातवा हिस्सा आहे. शीआन, म्हणजे ‘पश्चिमेची शांती’, हे नावही १३६९ पासूनचे.

पुढचा इतिहास थोडक्यात. तटाच्या आत हुई मुसलमानांची जुनी वस्ती आहे आणि तिथली मोठी मशीद बाहेरून चिनी मंदिरासारखीच दिसते. १०८७ पासून शिलालेख जमवत आलेले ‘शिलांचे वन’ दक्षिण दरवाजाजवळ आहे. इथे ख्रिस्ती धर्म कसा आला हे सांगणारी ७८१ मधली शिळा तिथे पाहता येते. डिसेंबर १९३६ मध्ये चीनचा तेव्हाचा सत्ताधीश च्यांग कै-शेक याला त्याच्याच सेनापतींनी इथे अटकेत ठेवून जपानविरुद्ध कम्युनिस्टांशी एकजूट करायला भाग पाडले.

नळाच्या पाण्याविषयी तुम्ही विचारले होते. विसाव्या शतकात शहराने विहिरींतून इतके पाणी उपसले, की जमीन खचू लागली आणि मोठा हंस स्तूप वायव्येकडे कलला; १९९६ पर्यंत कल एक मीटरच्या वर गेला होता. छिनलिंगमधल्या हेई नदीवरील धरणाचे पाणी शहरात आले, विहिरी बंद करण्यात आल्या, आणि स्तूप अगदी सावकाश मागे येऊ लागला. २०२३ पासून डोंगराच्या पलीकडच्या हान नदीच्या खोऱ्यातले पाणीही सुमारे ९८ किलोमीटरच्या बोगद्यातून इकडे येते. पाणी चांगले आहे, पण इथले सगळेच लोक ते उकळून पितात. तुम्हीही तसेच करा. हवा मात्र हिवाळ्यात वाईट असते, कारण डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात वारा पडला की धूर साचून राहतो. मुलीच्या खोलीसाठी हवा शुद्ध करणारे यंत्र पहिल्याच महिन्यात घ्या. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडची धूळ येते आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर मघाशी सांगितलेल्या भाजणीचा थर दिसतो.

तुम्ही येता तो सप्टेंबर इथल्या झडीचा महिना आहे. जून-जुलैच्या आपल्या पावसासारखा तो कोसळत नाही, पण आठवडा-आठवडा रिपरिपत राहतो, आणि आल्या आल्या माणूस उदास होतो. छत्री आणि लोकरीचे एकेक वस्त्र हातातल्या सामानात ठेवा. त्या दिवसांत घर शोधून घ्या.

मुलीला मातीचे सैनिक पाहायचे आहेत, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. ते शहराच्या पूर्वेला, चाळीसेक किलोमीटरवर लिनथोंगला आहेत. १९७४ च्या मार्चमध्ये अवर्षणामुळे विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. एकूण सैनिक आठ हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे आणि त्यांचे चेहरे एकमेकांसारखे नाहीत. राष्ट्रीय सुटीच्या, म्हणजे १ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्यात अजिबात जाऊ नका. त्याआधीच्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी, पाऊस थांबल्यावर, सकाळी लवकर निघा. लिनथोंग डाळिंबांसाठी प्रसिद्ध आहे आणि हान काळात पश्चिमेकडच्या प्रवासांतून ते फळ इकडे आले असे परंपरेने मानतात. सप्टेंबरच्या अखेरीस रस्त्याच्या कडेला शेतकरीण बायका टोपल्या घेऊन बसतात, एखादे डाळिंब हातांनी फोडून आधी दाणे चाखायला देतात आणि मगच भाव सांगतात.